आधी थांब, मग चल

पोरी, तुझा भुऱ्या कुत्रा सायकल ओढेल का, हे मला विचारूच नकोस. तो आत्ताही ओढतोच आहे. सकाळी साखळी हाती घेतलीस की स्टेशनच्या रस्त्यापर्यंत तू त्याच्यामागे फरफटत जातेस, ते सगळं निडी गाव बघतं. ओढ त्याच्या अंगातच आहे, ती शिकवावी लागत नाही. शिकवायचं ते थांबणं, गप उभं राहणं आणि तू म्हटल्यावरच निघणं. एवढं जमलं की सायकल काय नि छकडा काय, राहिलेलं काम दोरांचं आणि पट्ट्यांचं. आणि हे जमलं नाही, तर जनावरात जोर जितका जास्त तितका घात मोठा.

हे डोकं माझं नव्हे. माझे वडील खोंड शिकवायचे. कुणाचा खोंड जुवाखाली मान द्यायला तयार नसला की तो आमच्या गोठ्यात यायचा आणि भातझोडणी आटपली की त्याची शाळा सुरू व्हायची. आता बैलांच्या जोड्याच फारशा उरल्या नाहीत आणि शिकवणारे तर त्याहून कमी, म्हणून तो कानमंत्र कुत्र्याच्या कानात सांगायची वेळ आली आहे. हसू नकोस. खोंडात आणि कुत्र्यात फरक पुष्कळ आहे, जिथे येईल तिथे सांगेन. पण मस्तीत असलेल्या जनावराच्या मागे वजन लावायचं म्हणजे काय करायचं, ते दोघांना सारखंच लागू आहे.

वडील आधी तोंड उघडून दात बघायचे. खोंड अदंत असेल तर नुसतं अंगावर हात फिरवायचं काम. दोन दाती झाला की जुवाची ओळख, आणि भरलेली गाडी चार दाती झाल्याशिवाय नाही. कुत्र्याचे दात बघून उपयोग नाही, ते सहा-सात महिन्यांतच पुरे येतात आणि आपण फसतो. त्याच्या हाडांची टोकं त्यानंतरही बरेच महिने कोवळी असतात, मोठ्या चणीच्या कुत्र्यांची तर आणखी उशिरापर्यंत. त्या टोकांवर वजन पडलं की सांधे कायमचे वाकडे बसतात आणि ते दिसतं केव्हा, तर कुत्रा पाच-सहा वर्षांचा होऊन लंगडायला लागल्यावर. म्हणून दीड वर्षाच्या आत वजन नाही. भुऱ्याला दिवाळीत दीड वर्ष होईल ना? चांगलं आहे, थंडीही तेव्हाच येते. तोवर वजनाशिवायचं सगळं शिकवून ठेव.

तू त्या टोगोचं नाव काढशील, मला माहीत आहे. 1925 साली अलास्कात नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा औषध कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून पोचवलं. हजारभर किलोमीटरची वाट, वीस गाडीवाले, दीडशेच्या आसपास कुत्री. त्यातला सगळ्यांत लांबचा आणि अवघड टप्पा लेओनार्ड सेपालाच्या कुत्र्यांनी मारला आणि त्यांच्या पुढे होता टोगो, बारा वर्षांचा. हा टोगो लहानपणी इतका वांड की मालकाने दुसऱ्याला देऊन टाकला, तर खिडकीची काच फोडून परत आला. शेवटी आठेक महिन्यांचा असताना सेपालाने त्याला नाइलाजाने जुंपला, आणि पहिल्याच दिवशी तो पार पुढच्या जागेवर जाऊन पोचला. गोष्ट खरी आहे, पण तिच्यातून आठ महिने हा आकडा उचलू नकोस. उचलायचंच तर एवढं उचल की वांडपणा हा कामाचा माल असतो. घरी बसवला तर चपला फाडतो, तुळशीपाशी खड्डे काढतो, येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकतो. तोच कामाला लावला की संध्याकाळी ओटीवर गप पडून राहतो.

आता पट्टा. गळ्याच्या पट्ट्याला ओझं कधीच बांधायचं नाही, पाच मिनिटांपुरतंही नाही. बैलाचा जोर वशिंडाच्या पुढे मानेवर येतो, तिथे जू टेकतं, म्हणून त्याला मानेवरून जुंपता येतं. कुत्र्याच्या मानेत पुढच्या बाजूला श्वासनळी आहे, नुसत्या कातड्याखाली. तिथे दाब आला की तो घरघरतो, खोकतो, आणि आपल्याला वाटतं दमला. कुत्र्याचा जोर छातीच्या हाडावरून घ्यायचा. बाजारात बॉडी बेल्ट म्हणून जो मिळतो, त्यातला छातीवर आडवा पट्टा येणारा घेऊ नकोस, तो खांद्याच्या हालचालीला अडतो. पुढून बघितल्यावर इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसणारा घे: दोन पट्टे मानेच्या दोन बाजूंनी येऊन छातीच्या हाडावर एक होतात आणि पुढच्या दोन पायांमधून मागे जातात. मनासारखा मिळाला नाही तर रोह्याला बॅगा शिवणाऱ्याकडून शिवून घे, रुंद नायलॉनची पट्टी आणि आतून जाड नमदा. माप घेताना कुत्रा उभा हवा. गळ्याची गोलाई डोक्यातून जाताना घट्ट जावी आणि जागेवर बसली की तिच्या आत दोन बोटं शिरावीत. श्वासनळीवर तिचा जराही भार नको.

आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. गाडी सोडल्यावर वडील पाणी पाजायच्याही आधी बैलाच्या खांद्यावर तळहात ठेवायचे. नुसता फिरवायचे नाहीत, ठेवून थांबायचे. कातडी गरम लागते का, दाबल्यावर बैल खांदा चोरतो का, केस उलटे बसलेत का. खांदा आला की महिनाभर बैल बसून, म्हणून ती पारख सूज दिसायच्या आधीची. घाटावर पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण करतात, तूप-हळद चोळतात, तो वर्षातून एकदाचा मान झाला. हात ठेवायचं काम रोजचं. कुत्र्याचा खांदा बघून कळणार नाही. त्याला कुशीवर पाड आणि पुढच्या पायाच्या बगलेत बोटं घाल. तिथे केस नसतात, कातडी पातळ आणि मऊ असते, पट्टा घासतो तो तिथेच. आधी नुसती गुलाबी होते, हाताला किंचित ओलसर लागते. दुसऱ्या दिवशी तोच पट्टा घातलास की लाल, तिसऱ्या दिवशी सोललेली. गुलाबी दिसली त्याच दिवशी थांब आणि पट्ट्याचं माप बदल. हळद-तेल लावून पुन्हा जुंपायचं हा उपाय नव्हे. छातीच्या हाडावरचे केसही बघ. एकाच जागी तुटून आखूड झाले असतील तर तिथे शिवण टोचते आहे.

दोन वेगळे पट्टे ठेव. गळ्यात साखळी असेल तेव्हा तुझ्या पायाशी चालायचं, अंगात ओढायचा पट्टा असेल तेव्हाच ओढायचं. कुत्र्याला कपड्यांवरून काम कळतं, आपल्याला वाटतं त्याहून लवकर. आज साखळीलाही ओढू दिलंस नि उद्या रागावलीस तर त्याने काय समजायचं?

शिकवायची सुरुवात अंगणात. जेवणाच्या आधी पट्टा घाल, भाकरी-दूध पुढ्यात ठेव, जेवून झालं की काढून टाक. आठवडाभर एवढंच. नव्या खोंडाच्या मानेवर वडील रिकामं जू ठेवायचे आणि पुढ्यात आंबोण. खाणं संपायच्या आत जू खाली. जुवाची आठवण जनावराच्या डोक्यात खाण्याबरोबर बसली पाहिजे, धडपडीबरोबर नाही.

मग आवाज. वजनापेक्षा जनावर मागून येणाऱ्या आवाजाला भितं. एकदा बिथरून पळालं की मागचं लाकूड आणखी आदळतं, ते आणखी पळतं आणि त्या दिवसापासून ते कामाचं राहत नाही. म्हणून वस्तू आधी कुत्र्याला बांधायचीच नाही. रिकामा प्लास्टिकचा कॅन दोरीला लावून तू स्वतः अंगणातून ओढत फीर, भुऱ्या मोकळा राहू दे. तो हुंगेल, भुंकेल, मग कंटाळेल. कंटाळला की विषय संपला. मग तोच कॅन त्याच्या बाजूने ओढ, मग मागून. सायकलही तशीच: आधी नुसती हातात धरून त्याच्या शेजारून चालव, साखळीचा खडखड, घंटी, ब्रेकची करकर सगळं त्याच्या कानाखालून जाऊ दे.

त्यानंतर ओढायचं. खोंडाला ओंडका लावतात, भुऱ्याला जुना सायकलचा टायर पुरे. दोर पुरेसा लांब ठेव, टायर त्याच्या मागच्या पायांपासून दोन हात तरी दूर राहिला पाहिजे. खोंड एकटा जुंपत नाहीत, जोडीला जाणता बैल देतात. तो चालला की हा चालतो, तो थांबला की याला थांबावंच लागतं. तुझ्याकडे जाणता कुत्रा नाही, म्हणून पुढे माणूस हवा. धाकट्याला पुढे चालायला सांग, तू भुऱ्याच्या मागे राहा. तुझी जागा मागे आहे हे आजच त्याला कळू दे, सायकलवर तू मागेच असणार आहेस. सायकलचा टायर ओढून मान खाली घालून सरळ चालायला लागला की मग स्कूटरचा टायर. त्याच्यापुढे टायर नको. आपल्याला बैल करायचा नाही.

आणि आता थांबणं, ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय. टायर लावलेला असताना चालता चालता "होऽऽ" म्हण, लांबवून, खालच्या आवाजात, आणि त्याच वेळी दोर मागे घे. थांबला की तू पण उभी राहा. बोलू नकोस, खाऊ देऊ नकोस, त्याच्याकडे बघूही नकोस. तो वळून तुझ्याकडे बघेल, उडी मारेल, पुढे झेपावेल. प्रत्येक झेपेला दोर घट्ट आणि तू जागेवर. ज्या क्षणी दोर ताणून तो नुसता उभा राहील, चार पाय जमिनीवर, त्या क्षणी जिभेने "टक्" कर आणि निघ. त्याच्यासाठी बक्षीस निघणं हेच आहे, बिस्किट नव्हे. ओढायची हौस असलेल्या जनावराला थांबायला लावायची किल्ली ओढण्यातच असते. उभा राहिलास तर ओढायला मिळेल. पहिल्या दिवशी दोन क्षण उभा राहील, पंधरवड्याने तू मागून जाऊन त्याचा पाय उचलून पंजा बघशील तरी हलणार नाही. मी तर म्हणेन, शेजारून कोंबडी गेली तरी उभा राहिला तेव्हाच सायकल बाहेर काढ.

वडील कधी आसूड वापरायचे नाहीत असं मी म्हणणार नाही, जुना काळ होता. पण शिकवताना नाही. मारून पळवलेला बैल पळतो, पण भीतीने पळतो, आणि भीतीने पळणाऱ्याला थांबवता येत नाही. शर्यतीच्या मैदानात जाऊन बघ. अलिबागच्या बाजूला किनाऱ्यावर गाड्या सुटतात तेव्हा सगळे गाडीवानाकडे बघतात. मी शेवटच्या टोकाला उभे असतात त्यांच्याकडे बघतो. पळून आलेले बैल अंगावर घेऊन धरायचे हे त्यांचं काम. त्या शर्यती सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 ला बंद केल्या, 16 डिसेंबर 2021 ला अटी घालून पुन्हा परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा कायदा उचलून धरला. मधल्या साताठ वर्षांत खोंड शिकवणारे हात बसून गेले, असं मला वाटतं. पैसा परत आला, सबुरी परत यायला वेळ लागतो. कायद्याचं निघालंच आहे तर लक्षात ठेव, 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा कुत्र्यालाही लागू आहे: मारणं, झेपत नाही इतकं पळवणं, ओझं घालणं, आजारी जनावर कामाला लावणं, सगळं गुन्ह्यात बसतं. ओझ्याच्या जनावरांसाठी 1965 चे वेगळे नियम आहेत. सदतीस अंशांच्या वर ऊन असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही, हे त्यातच लिहिलंय. त्या नियमांत बैल आहे, रेडा आहे, घोडा, उंट आहे. कुत्र्याचं नाव नाही, कारण आपल्याकडे कुणी कुत्रा जुंपतच नव्हतं.

बेल्जियममध्ये जुंपायचे. दूधवाल्यांच्या गाड्या कुत्रे ओढायचे, पहिल्या महायुद्धात तिथल्या सैन्याच्या मशीनगनसुद्धा. इंग्लंडमध्ये मात्र लंडनपुरती 1839 च्या कायद्याने बंदी आली आणि पुढे 1854 च्या कायद्याने देशभर. कारण तेच: लोकांनी ओझं वाढवत नेलं.

बोलायचे शब्द चार पुरेत. निघायला जिभेची टकटक, थांबायला "होऽऽ", आणि वळायला दोन. "उजवीकडे" आणि "डावीकडे" ठेवू नकोस, कुत्र्याच्या कानाला दोन्हींचं शेपूट सारखं. एक तोकडा, एक लांबट निवड, आणि घरातल्या सगळ्यांनी तेच वापरायचे. वळण शिकवायला गाडीवाटेचे फाटे चांगले: फाटा यायच्या चार पावलं आधी शब्द, मग वळण. फाटा गेल्यावर ओरडून काही होत नाही. आणि दुसरा कुत्रा, शेळी, मांजर दिसलं की न थांबता पुढे जायचं, त्याला "पुढं चल" म्हण. हा पाचवा शब्द झाला, पण रस्त्यावर कामाला सगळ्यांत जास्त तोच येईल. गावची कुत्री अंगावर आली तर सायकलवरून उतर आणि सायकल मध्ये घाल. बसून राहिलीस तर दोरात गुंतशील.

सायकलचं आता ऐक. दोर हँडलच्या टोकाला बांधायचा नाही, सीटच्या दांड्याला नाही, मनगटाला तर नाहीच नाही. हँडलच्या खाली जिथे पुढचा नळा सांगाड्यात शिरतो, तिथे बरोबर मध्ये बांध. दोर दोन मीटरच्या आसपास, मध्ये एक लवचीक तुकडा, म्हणजे कुत्र्याने हिसका दिला तर तो त्याच्या पाठीलाही बसत नाही नि तुलाही. कॅरिअरवर सामान बांधायचा हुकवाला रबर वापरू नकोस, सुटला की डोळा फोडतो. दोर ढिला पडला की पुढच्या चाकात जाणार, हे ठरलेलं. म्हणून नळाच्या प्लास्टिक पाइपचा एक तुकडा पुढच्या चाकाच्या वर, चाकापेक्षा वीतभर पुढे येईल असा बांध आणि दोर त्याच्यातून ओवून घे. दोन्ही ब्रेक आदल्या दिवशी तपास. डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे. निडीत कोण हसेल त्याला हसू दे.

पहिल्या दिवशी जागा निवडायची ती किंचित चढाची आणि मातीची. चढावर तो पळू शकत नाही आणि माती मऊ पडते. मळे मोकळे झाले की बांधाच्या कडेने गाडीवाट मिळते, पण मळ्यात शिरू नकोस, भाताची धसकटं पंजात घुसतात. रूळाच्या बाजूला जायचं नाही. रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे लागते, त्या लांबच्या गाड्या निडीला न थांबता धडधडत जातात आणि नवख्या कुत्र्याला तो आवाज असह्य. त्याची सवय आधी लांबून, पट्टा न घालता करून घे. हायवेचं तर नावच नको.

निघायच्या आधी त्याला मोकळं फिरवून पोट रिकामं करू दे, नाहीतर मधेच खाली बसेल आणि तू त्याच्या अंगावर. पहिली फेरी दोन-तीनशे पावलांची, बस्स. त्याला आणखी हवं असताना थांबव. पायडल तू मारत राहायचंस, सगळा वेळ. सायकल हे त्याचं ओझं नव्हे, त्याच्या मागून येणारी तू आहेस. उतारावर तू ब्रेक धरून त्याच्या मागे राहायचं, दोर कायम जरा ताणलेला. आठवड्यातून तीन दिवस पुरे, मधले दिवस आरामाचे. अंग कामातून बनत नाही, कामानंतरच्या झोपेतून बनतं. हे तुझ्या आजीला माझ्या बाबतीत कधी पटलं नाही, ते सोड.

उन्हाबद्दल मात्र हयगय नको. बैल थोडातरी घामतो. कुत्र्याला घाम पंजाच्या गाद्यांपुरता, बाकी सगळा ताव तो धापा टाकून बाहेर काढतो. जिभेवरची ओल उडाली तर रक्त गार होतं. आपल्या हवेत ती उडतच नाही, हवा आधीच ओली. म्हणून पुण्यात ज्या अंशाला कुत्रा आरामात पळेल त्याच अंशाला इथे तो होरपळतो. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, सूर्य वर यायच्या आत, एवढाच आपला हंगाम. डांबरावर जायचंच झालं तर हाताची उलटी बाजू टेकव, सात आकडे मोजेपर्यंत ठेववली नाही तर घरी चल. हस्की पाळून कोकणात पळवणाऱ्यांना काय म्हणावं ते मला कळत नाही.

जीभ पसरून रुंद झाली, कडा वर वळल्या, लाळ चिकट झाली, सावली शोधायला लागला की काम बंद. हिरड्या गडद लाल आणि चाल डगमगती झाली तर उष्माघात आहे असंच समज. कुत्र्याचं अंग एरवीच आपल्यापेक्षा गरम, 38 ते 39 अंशांच्या आसपास. 41 च्या पुढे गेलं की आतडी, मेंदू सगळ्यावर येतं. सावलीत घे, पोटावर, जांघेत, पंजांवर नळाचं गार पाणी ओत, वारा घाल. बर्फ नको आणि ओलं गोणपाट गुंडाळणंही नको, त्याच्या खाली वाफ कोंडते. पाणी ओततच डॉक्टरकडे घेऊन जा, उठून उभा राहिला तरी ने.

पळवायच्या आधी दोन तास आणि नंतर तासभर पोटभर खाणं नाही. छाती खोल असलेल्या कुत्र्याचं भरल्या पोटी पळाल्यावर पोट फुगून पीळ बसतो आणि मग वेळ फार थोडा असतो. पाणी मात्र आधी गेलं पाहिजे. नुसतं पीत नसेल तर दोन तास आधी त्यात मटणाचं पाणी मिसळ, कांदा-मिठाशिवायचं. कांदा कुत्र्याला विष आहे.

एखाद्या सकाळी पट्टा दाखवला आणि तो उठून आला नाही, तर आळस म्हणून ओढून काढू नकोस. ओठ वर करून हिरड्या बघ. फिकट असतील तर गोचीडतापाचा संशय घे आणि रक्त तपासून आण. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड रोज बघायचे, पावसाळ्यानंतर तर नक्कीच. पावसाळ्यात ओढायचं काम बंदच: चिखलात पाय घसरून मांडीचे स्नायू तुटतात, शिवाय साचल्या पाण्यातून लेप्टोची भीती. त्या चार महिन्यांत पडवीत थांबण्याचा सराव चालू ठेव, त्याला जागा लागत नाही.

छकड्याचा विषय तू काढलास, तो पुढच्या थंडीत. आत्ता एवढंच ऐकून ठेव. चाकं सायकलची घे, छोट्या ट्रॉलीची नकोत, ती खड्ड्यात अडकतात. दांड्या दोन, त्याच्या दोन बाजूंनी. भरल्यावर दांडीचं टोक दोन बोटांनी उचलता आलं पाहिजे. गाडी पुढे जड झाली तर भार त्याच्या पाठीवर, उलाळ झाली तर दांड्या वर उचलून पोटाखालचा पट्टा आवळतात. भार चाकांवर, कुत्र्यावर नाही. बैलगाडीला ब्रेक नसतो, उतारावर बैल मान ताठ करून जुवाने गाडी अडवतात. कुत्र्याला तसं अडवता येत नाही, म्हणून मांड्यांच्या मागून एक रुंद पट्टा हवा, गाडी पुढे रेटली की तो तिथे बसतो. गाडीसकट वजन भुऱ्याच्या स्वतःच्या वजनाइतकं, त्याच्यावर नाही. पाण्याचा कॅन, भाजीची पिशवी चालेल. धाकट्याला बसवायचं नाही, कितीही रडला तरी.

शनिवारी रोह्याला जाशील तेव्हा पट्टीचं कापड विकत घेऊ नकोस, नुसता नमुना घेऊन ये. भुऱ्याच्या बगलेला लावून बघू, मग शिवायला टाकू.